विल्सनच्या लग्नाची जाहीर सूचना

माझ्या धाकट्या दिराचं लग्न मी एका रविवारी सकाळी, भरल्या चर्चमध्ये, भलत्याच मुलीशी ठरवून टाकलं. आणि हे मी हौसेनं नाही, नोकरीचा भाग म्हणून केलं.

नोकरी चर्चच्या ऑफिसातली. लोकांना वाटतं, चर्च म्हणजे एक फादर आणि एक घंटा. पण बाप्तिस्म्याचे दाखले, हॉलचं बुकिंग, दफनभूमीच्या चाव्या, रविवारच्या सूचना, हे सगळं बघायला कोणीतरी पगारी माणूस लागतं. आणि त्या पगारी माणसाकडे बघायला बिनपगारी माणसांच्या कमिट्या लागतात. आमच्याकडे पगारी माणूस एक (मी) आणि कमिट्या सात. त्या सातांच्या वर पॅरिश कौन्सिल, आणि कौन्सिलचे सेक्रेटरी माझे सासरे.

पपांनी कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. घरी पोळीसुद्धा ते उजेडाकडे धरून बघतात. माझा अर्ज कौन्सिलपुढे आला तेव्हा ते उठले आणि म्हणाले, "अर्जदार माझ्या घरातल्या आहेत. मी बाहेर उभा राहतो." ठराव होईपर्यंत ते दाराबाहेर उन्हात उभे राहिले. आत आले ते थेट सूचना घेऊन, की सहा महिने परीक्षाकाळ ठेवावा आणि मगच कायम करावं. संध्याकाळी घरी मला म्हणाले, "वंदना, चहा टाक. आणि उद्यापासून ऑफिसात मला पपा म्हणायचं नाही."

ऑफिसात ते मला 'मॅडम' म्हणत आणि 'आपण' म्हणत. त्या 'आपण'ची मला इतकी धास्ती बसली होती की एकदा जेवताना ते तंद्रीत म्हणाले, "मॅडम, आपण वरणात मीठ घातलं आहे का?" आणि मी मिठाऐवजी पर्समधला ऑफिसचा किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांच्यापुढे ठेवला. माझा नवरा नेल्सन आठवडाभर हसत होता. हसायला त्याचं काय जात होतं? त्याला कोणी परीक्षाकाळावर घेतलं नव्हतं.

माझे सहा महिने ज्या रविवारी संपत होते, त्याच रविवारी विल्सनच्या लग्नाची पहिली सूचना वाचायची होती. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार मुलाचं आणि मुलीचं नाव चर्चमध्ये वाचतात. शेवटी एक वाक्य असतं, 'या विवाहात कोणाला काही अडथळा माहीत असल्यास त्याने धर्मगुरूंना कळवावे.' मी लग्न होऊन पुण्यात आल्यापासून कोणीही काहीही कळवलेलं नाही. त्या वाक्याला लोक गाडीच्या किल्ल्या शोधायला लागतात.

त्या आठवड्यात लग्नं दोन होती. आमचा विल्सन आणि लोणी काळभोरची शीतल. दुसरं, रॉकी आणि प्रिसिला. मी मुलांची नावं टाईप केली. मुलींची नावं मोबाईलवर आली होती, ती उचलून शेजारच्या रकान्यात चिकटवली. तेवढ्यात कोणीतरी दफनभूमीची चावी मागायला आलं. मी चावी दिली, परत बसले, कागद छापला आणि फादरांच्या फाईलमध्ये ठेवला. मुलींची नावं क्रमानं उलटी चिकटली होती, हे कागदाला माहीत होतं, मला नव्हतं.

रविवारी शीतलचे वडील दौलतराव मुद्दाम लोणीहून आले. लेकीचं नाव पुण्याच्या चर्चमध्ये वाचलं जाणार, ते कानांनी ऐकायचं होतं त्यांना. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते पुढच्या बाकावर पपांच्या शेजारी बसले. मी मागे, माझ्या एका बाजूला विल्सन. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपत आली तशा फिलोमिनाबाई सूचना वाचायला माईकपाशी गेल्या. या निवृत्त शिक्षिका. माईक नसला तर त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. त्या दिवशी माईक होता.

"विल्सन थॉमस साळवे," त्यांनी वाचलं, "आणि प्रिसिला..."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. देवा, मला कमी ऐकू येत असू दे, अशी प्रार्थना मी आयुष्यात पहिल्यांदा केली. पण फिलोमिनाबाईंनी चाळीस वर्षं मुलांना शुद्धलेखन घातलेलं. त्यांनी दुसरी जोडी आणखी सावकाश वाचली. रॉकी. आणि शीतल.

"या विवाहांत कोणाला काही अडथळा माहीत असल्यास..." एवढं वाचून त्या स्वतःच थांबल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागल्या.

चर्चमध्ये एकही किल्ली वाजली नाही.

पुढच्या बाकावर दौलतराव हळूहळू मागे वळले. डाव्या बाजूला रॉकी वळला. रॉकी जिममध्ये ट्रेनर आहे. त्याचा दंड माझ्या मांडीएवढा आहे (आणि मी काही बारीक नाही).

"वहिनी, तो माझ्याकडे बघतोय," विल्सन कुजबुजला.

"तू खाली बघ."

"वहिनी, सीरियसली, मी मागच्या दारानं एक्झिट घेऊ का?"

"फादरांचा शेवटचा आशीर्वाद राहिलाय. तेवढा घे आणि पळ. आज लागेल."

इथून रिक्षा करावी, स्वारगेटला जावं आणि समोर दिसेल त्या एसटीत बसावं, असा विचार मी आशीर्वाद घेता घेता केला. पपांची पाठ मात्र जराही हलली नाही. तीच मला सगळ्यात भीतिदायक वाटली.

बाहेर अंगणात दौलतरावांनी मला गाठलं. आवाज चढलेला नव्हता, त्यानं मी आणखी घाबरले.

"बाई, ह्यो काय परकार हाय? माझी पोरगी त्या रॉकीला कवा दिली?"

"मामा, टाईपिंगची चूक झाली. माझी चूक."

त्यांनी ते कदाचित ऐकून घेतलं असतं. पण मागून एक बाई आपल्या मैत्रिणीला म्हणाली, "विल्सन आणि प्रिसिला कॉयरमध्ये बरोबर गायचे ना गं? मला तेव्हाच वाटलं होतं."

दौलतरावांचा चेहरा बदलला. "मंजी आधीपास्नं हाय व्हय," असं ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी खिशातून मोबाईल काढला. घरी लावला. "शीतलकडं द्या," म्हणाले. पुढचं मला ऐकवलं नाही. एका माणसाच्या पोरीचं नाव भरसभेत दुसऱ्याच्या नावाशी जोडलं गेलं होतं, आणि ते मी जोडलं होतं. त्या क्षणी मला हसू येण्यासारखं त्यात काही दिसत नव्हतं.

दोन मिनिटांत विल्सनचा फोन वाजला. शीतल होती. विल्सननं भीतीनं फोन स्पीकरवर टाकला.

"मी एकच विचारते," ती म्हणाली. "हो की नाही?"

"म्हणजे... कशाला हो की नाही?" विल्सन म्हणाला.

फोन बंद झाला. हा मुलगा एका मोठ्या कंपनीत लोकांचे कॉम्प्युटरचे प्रॉब्लेम सोडवतो.

मी ऑफिसात जाऊन आतून कडी लावली आणि कपाटामागे उभी राहिले. बाप्तिस्म्याच्या जुन्या रजिस्टरांचा वास येत होता. आता कौन्सिलची सभा, सभेत माझा विषय, आणि विषयपत्रिका मीच टाईप केलेली. 'विषय तिसरा: कार्यालयीन कर्मचाऱ्याच्या कामाचा आढावा.' तेवढ्यात दारावर थाप पडली. मी काचेतून पाहिलं, तर सगळी काच रॉकीनंच व्यापली होती.

"मॅडम, उघडा. दोन मिनिटं."

मी हातात स्टेपलर घेतला आणि दार उघडलं. रॉकी आत आला, त्यानं दार लावलं, आणि एवढा मोठा माणूस माझ्यासमोरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

"मॅडम, खरं सांगा. मी कोणाला बोलणार नाही," तो म्हणाला. "प्रिसिलानं तुम्हाला नाव बदलायला सांगितलं होतं का?"

मला आधी समजलंच नाही. मग त्याचे हात दिसले. ते टेबलावरची एक यू-पिन ओढून सरळ करत होते.

"नाही रे बाबा. माझ्या हातून रकाना चुकला."

"नक्की ना? म्हणजे विल्सन आयटीत आहे. इंग्लिश मस्त बोलतो. मला वाटलं, तिनं विचार बदलला असेल आणि मला सांगायला घाबरली असेल."

मी त्याला मोबाईलवर प्रिसिलाचा मेसेज दाखवला. त्यात तिनं रॉकीच्या नावापुढे तीन बदाम टाकले होते. (हे ऑफिसच्या नोंदीत घ्यायचं नसतं, म्हणून मी काढले होते.) त्यानं तो मेसेज दोनदा वाचला, मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "मॅडम, तो स्टेपलर खाली ठेवा. बोटाला लागेल."

सभा हॉलमध्ये भरली. कौन्सिलचे अकरा जण, फादर, आणि दाराशी छातीवर हात बांधून दौलतराव. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण बाहेर जा म्हणायची कोणाची छाती नव्हती. मी भिंतीला टेकून उभी होते. पपा वहीत इतिवृत्त लिहायला बसले होते.

फादर स्वभावानं शांत. त्यांनी विचारलं, "सूचना टाईप कोणी केल्या?"

"मी, फादर."

"हं. आणि तपासल्या कोणी?"

मग एक सदस्य घसा साफ करून म्हणाले, "तपासायचा प्रश्न कुठे येतो? पगारी माणूस आहे. काम बिनचूकच हवं. माझं मत आहे, की परीक्षाकाळ कशासाठी असतो, याचा विचार व्हावा."

माना डोलायला लागल्या. मी तेवढ्यात मनातल्या मनात टेबलाचा खण रिकामा करून टाकला. माझा डबा, माझं स्वेटर, माझी छत्री.

तेव्हा पपांनी पेन खाली ठेवलं आणि ते उभे राहिले.

"मी तपासल्या," ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मीसुद्धा. मला हे ठाऊकच नव्हतं.

"शनिवारी मॅडम काम आटोपून गेल्या. नंतर मी फादरांच्या फाईलमधला कागद काढून वाचला. पेन्सिलीनं दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. 'कळवावे'च्या पुढे पूर्णविराम नव्हता, तो दिला." त्यांनी चष्मा काढला. "माझ्या स्वतःच्या मुलाच्या नावापुढे कोणाचं नाव आहे, ते मी वाचलं नाही. चूक एकीची नाही, दोघांची आहे. मोठी माझी, कारण मी तपासणारा. हे तसंच लिहून घ्या. मी बाहेर उभा राहतो."

आणि ते खरंच बाहेर गेले. खिडकीतून दिसत होते. ऊन कडक होतं, आणि ते हात मागे बांधून, एखादं पोर वर्गाबाहेर काढावं तसे उभे होते. सहा महिने मी या माणसाला घाबरले होते. आता तो बाहेर उन्हात होता आणि मला खोलीत एकटं वाटत होतं.

पहिले हलले ते दौलतराव. ते बाहेर गेले. पपांच्या शेजारी, तसेच हात मागे बांधून उभे राहिले. मग दौलतरावांचा आवाज आला.

"व्याही, आत चला. ऊन लई हाय."

"शीतलला मी स्वतः सांगतो," पपा म्हणाले.

"सांगा की. पर आधी पोराला बोलाया शिकवा. 'कशाला हो की नाही' म्हनतंय."

मग सगळं भराभर झालं. फादरांनी अंगणातला माईक सुरू करून, वडा-चटणी खात असलेल्या लोकांपुढे दोन्ही जोड्या बरोबर वाचल्या. प्रिसिलाचं नाव आलं तेव्हा रॉकीनं इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की एका आजींच्या हातचा चहा सांडला. विल्सननं शीतलची माफी मागितली. तोंडी चालणार नाही म्हणाली, म्हणून लेखी. मजकूर तिनंच सांगितला. कौन्सिलनं मला कायम केलं, आणि माझ्या सूचना तपासायला तीन जणांची उपसमिती नेमली. म्हणजे कमिट्या आठ झाल्या.

पुढचे दोन रविवार उपसमितीनं कागद इतका तपासला की फादरांचं स्वतःचं नावही खरं की खोटं, याची फोन करून खात्री केली. लग्न ठरल्या दिवशी, ठरल्या मुलीशी, व्यवस्थित लागलं. शीतल सुंदर दिसत होती. विल्सननं 'हो' म्हणायच्या जागी 'हो'च म्हटलं. मी सुटकेचा श्वास सोडला आणि सह्यांसाठी विवाहाचं रजिस्टर उघडून टेबलावर ठेवलं. ते पान मी आदल्या दिवशीच शाईनं भरून ठेवलं होतं. शीतलचं नाव चार वेळा ताडून पाहिलं होतं. (उपसमिती फक्त सूचना तपासते. रजिस्टर तिच्या कार्यकक्षेत येत नाही.)

वर-वधूनं गडबडीत, फोटोकडे बघत सह्या केल्या. साक्षीदार म्हणून पपा पुढे आले. त्यांनी पेन उघडलं, चष्मा लावला, पान वरपासून वाचायला घेतलं आणि वराच्या रकान्यापाशी थांबले. मग माझ्याकडे वाकून, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले,

"वंदना, इथे नेल्सन लिहिलंय."

मी पाहिलं. माझंच सुवाच्य अक्षर. अकरा वर्षं प्रत्येक फॉर्मवर तेच नाव लिहून लिहून हात आपोआप तिकडे वळला होता.

"हो, पपा."

"तो तुझा नवरा आहे."

"हो, पपा."

"आज त्याचं शीतलशी लग्न लागलं, हे त्याला सांगितलंस का?"

मी मागे वळून पाहिलं. नेल्सन खांबाजवळ उभा राहून भावाच्या लग्नाचा व्हिडिओ काढत होता. फार खुशीत होता.

"अजून नाही," मी म्हटलं.