रिकाम्या वस्तीतलं जेवण

ग्राफवर वर्षभर तळाला चिकटलेली रेषा ख्रिसमसच्या सकाळी पुन्हा वर उठली, आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

मी ख्राइस्टचर्चमध्ये पाणीपुरवठ्याची इंजिनिअर आहे. ख्रिसमसची ड्युटी मी दरवर्षी मागून घेते. बदल्यात मला चौदा एप्रिलची सुट्टी मिळते. जयंतीला आमच्या घरी गर्दी असते, त्या दिवशी ऑफिसचा फोन मला चालत नाही.

इथे ख्रिसमस भर उन्हाळ्यात येतो. अख्ख्या शहराचं सणाचं जेवण मला पाण्याच्या ग्राफवर दिसतं. सकाळी उशिरापर्यंत सगळे झोपलेले. मग नवे बटाटे धुतले जातात, मटार उकळतात, रेषा चढते. हॅम कापायला घेतलं की ती खाली बसते. नंतर पाव्हलोव्हाच्या, म्हणजे क्रीम-स्ट्रॉबेरी घातलेल्या त्या हलक्या, कुरकुरीत गोड पदार्थाच्या, प्लेट्स धुवायला एकदम उसळते. शेवटी मुलांचे प्लास्टिकचे पूल भरतात. शहर आता कशावर ताव मारतंय, हे मी बसल्या जागी सांगू शकते.

पण उठलेली रेषा रेड झोनची होती. भूकंपानंतर तिथली जमीन राहण्यालायक उरली नाही, म्हणून घरं पाडली. रस्ते राहिले, फळझाडं राहिली, पलीकडच्या वस्तीला जाणारी पाइपलाइन राहिली. माणूस एकही नाही. तरी रेषेचा आकार स्वयंपाकघराचा होता. थोडं पाणी, मग थांबलं, परत थोडं. कोणीतरी बटाटे धूत होतं. गेल्या ख्रिसमसलाही हेच झालं होतं आणि माझा बॉस ग्रँट मीटरला दोष देऊन मोकळा झाला होता.

आमच्या धंद्यातली साधी गोष्ट सांगते. गळती एकसारखी वाहते. घर अडखळत वाहतं.

दुपारी रेषा खाली बसली. म्हणजे जेवायला बसले. मला उगाच बरं वाटलं, आणि कोणाबद्दल बरं वाटलं ते लक्षात येताच अंगावर काटा आला. भांड्यांच्या वेळेला ती पुन्हा उठली आणि तशीच वर राहिली. सपाट.

ग्रँटला फोन लावला. मागे पोरांचा धिंगाणा चालला होता.

“बघ, शेवटी लीकच,” तो म्हणाला. “तिथूनच व्हॉल्व्ह बंद कर आणि घरी जा.”

“ग्रँट, ज्याने नळ उघडलाय त्याला तो बंद करता येत नाहीये.”

त्याने पोरांना बाहेर पिटाळलं. मग म्हणाला, तू जा, ग्राफ मी लॅपटॉपवर बघतो.

रेड झोनमध्ये लख्ख ऊन होतं आणि चिटपाखरू नव्हतं. गाड्या आत घ्यायचे उतार फुटपाथवरून चढून गवतात संपत होते. कुंपणं नसलेल्या बागांमध्ये लिंबं लटकत होती, गुलाब फुलले होते. गाडी बंद केल्यावर पाण्याचा आवाज आला. मी गवतातून सरळ आवाजाच्या दिशेने निघाले. प्लमच्या झाडाखाली टेबल मांडलेलं होतं. इस्त्रीचा टेबलक्लॉथ, दोन प्लेट्स, दोन खुर्च्या. मी घाबरले होते, हे कबूल करते.

टेबलामागे बागेतला जुना नळ धो धो वाहत होता. बाजूला एक म्हातारे गृहस्थ चिखलात आडवे पडले होते, हात नळाकडे.

मी ॲम्ब्युलन्स बोलावली, नळ बंद केला, माझ्या अंगाची सावली त्यांच्यावर धरली. त्यांनी डोळे उघडले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“तू भिंतीतून आत आलीस,” ते म्हणाले. “दार त्या बाजूला आहे.”

मी वळून पाहिलं. नुसतं गवत. रस्त्यापासून निघालेली सिमेंटची पायवाट मध्येच संपली होती.

कॉलिन त्यांचं नाव. ऊन लागलं होतं आणि हृदयही कमजोर होतं. मी वेळेत पोचले म्हणून ते वाचले. त्यांचं पाडलेलं घर तिथेच होतं. बायको वारल्यावरही ते ख्रिसमसचं जेवण त्यांच्या त्याच स्वयंपाकघरात करत होते. सगळ्या जोडण्या तोडल्या गेल्या, तेव्हा तो एक नळ राहून गेला होता.

जानेवारीत तो नियमाप्रमाणे बंद झाला. कागदावर सही माझीच, आणि ती करताना मला वाईट वाटलं. त्यातून शिकले ते एवढंच: सपाट रेषा दिसली की पूर्वी मी आधी पाइपचा विचार करायचे, आता आधी माणसाचा करते.

पुढच्या ख्रिसमसला रेड झोनची रेषा तळाशीच राहिली. दुपारी ग्रँटने तासभर माझी ड्युटी सांभाळली. मी पाण्याचे दोन कॅन घेऊन तिथे गेले, पायवाट जिथे संपते तिथे थांबले, आणि कॉलिननी आतून “ये” म्हटल्यावरच पुढे पाऊल टाकलं.