डाव्या बॅकची दाढ

आमचे हे कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर नव्हेत. हा खुलासा मी लग्न झाल्यापासून करत आले आहे. डॉक्टर माणसाच्या तोंडात हात घालतात, हे माणसाच्या गैरहजेरीत त्याचं तोंड तयार करतात. दवाखान्यातून डब्यात हिरड्यांचा प्लॅस्टरचा ठसा येतो, सोबत चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नसतं, नुसता नंबर. आठवड्याभराने कवळी परत जाते आणि कुणाच्या तरी तोंडात बसते. गिऱ्हाईक काळं की गोरं, हे ह्यांना कधीच कळत नाही. ते दाराशी उगवतं फक्त कवळी टोचली तर. त्यामुळे तीस वर्षं उत्तम काम करूनही ह्यांना आजवर भेटलेलं प्रत्येक गिऱ्हाईक रागावलेलंच होतं. गल्लीत ह्यांना बत्तिशीवाले म्हणतात आणि हे त्या नावाला ओ देतात.

घराच्या मागच्या खोलीत ह्यांचा कारखाना आहे. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाचे पत्रे, मेण कापायची सुरी आणि बिजागरीवर उघडझाप करणारा एक पितळी जबडा. लोकांच्या घरी केरात बटणं सापडतात, आमच्याकडे दाढा सापडतात. मी त्या उचलून वाटीत ठेवते. एकदा पाहुण्यांसमोर चुकून तीच वाटी ठेवली होती, पण ते प्रकरण वेगळं.

शनिवारी दुपारी त्या टेबलावरचं मेण बाजूला सरायचं आणि फुटबॉल सुरू व्हायचा. टेबलाच्या फळीवर पेन्सिलने मैदान आखलेलं आहे, आणि खेळाडू म्हणजे दात. हे मी मस्करीत सांगत नाही. खालच्या कवळीत चौदा दात बसतात. अकरा खेळाडू आणि तीन राखीव, असा मेळ ह्यांनी फार पूर्वी जमवला. चार मोठ्या दाढा म्हणजे मागचे चार बॅक. चार पटाशीचे दात म्हणजे मधली फळी. दोन सुळे पुढे, गोल मारायला. एक लहान दाढ गोलकीपर, उरलेल्या तीन लहान दाढा राखीव. हे चौदा दात एकाच जुन्या संचातले होते, आणि तो साचा कंपनीने कधीच बंद केला. विरोधी संघाला कुठलेही दात चालत. आमच्या टीमला तेच.

या बैठकीला तिघं जण येत. कोपऱ्यावरचा चष्मेवाला, निवृत्त पोस्टमास्तर आणि माझे थोरले दीर, म्हणजे ह्यांचे दादा. चष्मेवाल्याचं मत कायम शेवटी बोलणाऱ्यासारखं असायचं. पोस्टमास्तर म्हणायचे की गोलकीपर नुसता उभा राहून पगार खातो, त्यालाही पुढे पाठवा. आमची खरी टीम, जिचे सामने हे चौघं टीव्हीवर बघत, ती मैदानात काय करते याच्याशी या चर्चेचा काडीचा संबंध नव्हता. टीमच्या कोचला हे चौघं जगात आहेत हेही ठाऊक नव्हतं. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच, आणि चहा मात्र मी करत होते.

नऊ वर्षांपूर्वी आमची टीम एका गोलने हरली. गोल डावीकडून झाला. त्या शनिवारी ह्यांनी डावी दाढ मागून उचलली, बाजूला ठेवली आणि तिच्याऐवजी एक राखीव लहान दाढ मधल्या फळीत उभी केली.

"मागे तीन पुरेत," हे म्हणाले. "मधे पाच हवेत. चेंडू आपल्याकडेच राहिला तर मागे काम काय आहे?"

दादा उभे राहिले. "अक्कलदाढा सोडून खालच्या जबड्यात मोठ्या दाढा किती असतात?"

"चार."

"मग? शरीराला कळतं ते तुला कळत नाही? डावीकडून उघडं पडेल!"

"दादा, जबडा वेगळा, मैदान वेगळं."

"आयुष्यभर लोकांचा चावा नीट करतोस, आणि तोल कशाला म्हणतात ते तुला कळत नाही!"

ह्यांनीही ऐकून घेतलं नाही. शब्दाने शब्द वाढला. लहानपणीची सायकल निघाली, आईच्या आजारपणात कोण किती जागलं ते निघालं. माणूस फुटबॉलवरून भांडायला लागला की त्याच्या पोटातलं सगळं बाहेर येतं. शेवटी दादांनी ती डावी दाढ उचलली आणि शर्टाच्या खिशात टाकली. "हा जोवर मागे उभा राहत नाही तोवर मी या घरात पाऊल ठेवणार नाही," असं म्हणून ते गेले. दोन गल्ल्या पलीकडे तर राहतात. नऊ वर्षं आले नाहीत.

दोघं भाऊ हट्टाला पेटले की एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. रस्त्यात समोर आले तर एक जण दुकानात शिरायचा. एकदा हे असेच घाईने शिरले ते बायकांच्या ब्लाउजच्या दुकानात, आणि दादा दिसेनासे होईपर्यंत अस्तराचं कापड बघत उभे राहिले. आम्ही दोघी जावा मात्र बाजारात भेटायचो. भाजीच्या पिशव्या खाली ठेवून एकमेकींच्या नवऱ्यांचे निरोप पोहोचवायचो. "ह्यांनी सांगितलंय, तिघं मागे ठेवून परवा तीन गोल खाल्ले." "त्यांना सांगा, चौघं ठेवले असते तर पाच खाल्ले असते." निरोप देताना मला स्वतःची लाज वाटायची. जाऊबाईंनी एकदा सांगितलं, "अगं, तो दात अजून खिशात घेऊन फिरतात. शर्ट धुवायला घ्यायच्या आधी मला दात शोधावा लागतो." मी घरी येऊन ते ह्यांच्या कानावर घातलं. ह्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं, पण त्या दिवशी मेण तीनदा करपलं.

भाऊ यायचा थांबल्यावर हे बदलले, हे मी सरळच सांगते. शनिवारची बैठक चालूच होती. पण हे काहीही बोलले तरी चष्मेवाला मान डोलावायचा आणि पोस्टमास्तर गोलकीपरचंच काढायचे. विरोध करणारं कुणी उरलं नव्हतं. मागे तीन, मधे पाच, पुढे दोन असे दात टेबलावर मांडून हे तासन्‌तास त्या मांडणीकडे बघत बसायचे. जिंकलेला माणूस इतका उदास मी पाहिलेला नाही.

या वर्षी एका सोमवारी दवाखान्यातून डबा आला. वरचा ठसा, खालचा ठसा, नंबर एकशे सव्वीस, पूर्ण कवळी. ह्यांनी खालचा ठसा हातात घेतला, आतल्या बाजूने बोट फिरवलं आणि थांबले. मग गालात जीभ घालून स्वतःच्या जबड्यात काहीतरी चाचपडू लागले. पुन्हा ठशावर बोट, पुन्हा तोंडात जीभ.

"काय झालं हो?"

"खालच्या हाडाला आतून दोन गाठी आहेत," हे म्हणाले. "माझ्याही आहेत. आईलाही होत्या." मग ठसा दिव्याखाली धरून हळूच म्हणाले, "अगं, हा दादा आहे. त्याच्या तोंडात एकही दात उरला नाही."

जवळचा डॉक्टर सोडून जाऊबाई त्यांना मुद्दाम या डॉक्टरांकडे का घेऊन गेल्या, ते मला ठाऊक होतं. आम्हा दोघींचं ते भाजीबाजारातच ठरलं होतं. पण मी मूग गिळून बसले, कारण आमचा बेत इतकाच होता की भावाचं काम हातात आल्यावर ह्यांचा राग निवळावा. पुढचं आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नसतं. ते फक्त ह्यांच्याच डोक्यात येऊ शकतं.

शनिवारी चष्मेवाला आणि पोस्टमास्तर आले. टेबलावर नुसतं पेन्सिलीचं मैदान.

"टीम कुठेय?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

ह्यांनी पितळी जबड्याकडे बोट केलं. गुलाबी मेणात, घोड्याच्या नालासारख्या वळणात, आमची अख्खी टीम बसलेली होती. मधे पटाशीचे चार, त्यांच्या दोन बाजूंना सुळे, मग लहान दाढा, गोलकीपरसह. मागे मोठ्या दाढा, उजवीकडे दोन, डावीकडे एक. डावीकडच्या शेवटच्या जागी मेणात एक नीट कोरलेला खड्डा होता.

"कुणाचं तोंड आहे हे?" चष्मेवाल्याने विचारलं.

"दादाचं."

मग पोस्टमास्तर म्हणाले, "म्हणजे आता चर्चा करायची कशावर?" त्यांची काळजी खरी होती.

मला मात्र वेगळीच काळजी होती. कवळी पक्की करण्याआधी मेणातच दवाखान्यात पाठवतात, तिथे डॉक्टर ती गिऱ्हाइकाच्या तोंडात बसवून बघतात. मी म्हटलं, "अहो, दात कमी ठेवून पाठवताय? ते अजून चिडतील. तो दात नाल्यात फेकून देतील, मग काय कराल?"

"फेकला तर फेकला," हे म्हणाले. "चांगली कवळी पाठवली तर तो ती घालून घरी जाईल. मी बनवली हेही त्याला कळणार नाही. तक्रार असल्याशिवाय इथे कुणी येत नाही."

मंगळवारी डॉक्टरांचा फोन आला. एकशे सव्वीसमध्ये एक दात राहिलाय, गिऱ्हाईक फार तापलंय. "त्यांना इकडेच पाठवा," हे म्हणाले. फोन ठेवला आणि शर्ट बदलून आले. कवळीच्या तक्रारीसाठी हे शर्ट कधीच बदलत नाहीत.

दादा अर्ध्या तासात आले. डॉक्टरांनी पत्ता लिहून दिला असणार; तो भावाचा आहे हे कळूनही ते आले होते. दाराशी येऊन त्यांनी तो कागद पुन्हा वाचला, मग माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांत माणूस केवढा आत गेला होता! गाल बसलेले, ओठ तोंडात ओढलेले. मी म्हटलं, "भाऊजी, या ना." ते माझ्याकडे न बघता सरळ मागच्या खोलीत गेले. मला वाटलं, आलेत ते भांडायला तरी आलेत. मी दारातच उभी राहिले.

त्यांनी डबा टेबलावर आपटला. "इथे खड्डा आहे." दातांशिवाय शब्द मऊ पडत होते, त्यामुळे त्यांना आणखी राग येत होता.

"आहे," हे म्हणाले.

"दात राहिलाय."

"राहिला नाही. कुणीतरी नेलाय."

दादांनी कवळी उचलून जवळ धरली. एकेका दातावरून त्यांचं बोट फिरत गेलं. सुळ्यांपाशी थांबलं. उजव्या बाजूच्या एका लहान दाढेवर बारीक चीर होती. एकदा वादाच्या भरात त्यांनीच ती भिंतीवर फेकून मारली होती. तो आमचा गोलकीपर. दादांनी त्या चिरेवरून नख फिरवलं.

"ही... अख्खी टीम आहे?"

"हो."

"दुसरी दाढ बसव की तिथे."

"साचा बंद झाला, दादा. जोड मिळत नाही. दुसरी बसवली तर चावताना तोल जाईल." हे थांबले. दादांचं एक वाक्य ह्यांनी नऊ वर्षं गिळून ठेवलं होतं, आणि मी मनातल्या मनात ह्यांना ढकलत होते. "डावीकडून उघडं पडेल."

दादांनी मान वर केली. मग खिशात हात घातला, रुमाल काढला, चष्म्याचं घर काढलं, आणि सगळ्यांत शेवटी ती दाढ काढली. खिशात राहून राहून तिचा रंग चहासारखा झाला होता. त्यांनी ती टेबलावर ठेवली. पण वाटेल तिथे नाही, पेन्सिलीच्या मैदानात, डाव्या बॅकच्या जागी.

ह्यांनी सुरी दिव्यावर गरम केली. दाढ खड्ड्यात बसवली, ती बरोब्बर बसली. कडेने मेण फिरवलं. दोघांचीही डोकी त्या एवढ्याशा दातावर वाकलेली होती, एकमेकांना टेकतील इतकी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्पिरिटमुळे आलं असं मी नंतर सांगितलं, पण ते खोटं आहे.

"म्हणजे झाले ना मागे चार," दादा म्हणाले.

"तोंडात चार," हे सुरी पुसत म्हणाले. "मैदानात तीन."

दादांनी दात-ओठ खाल्ले असते, पण दात टेबलावर होते. ते खाली बसले आणि मला म्हणाले, "चहा टाक गं."

कवळी पक्की होऊन तोंडात बसली त्याच्या पुढच्या शनिवारी दादा जाऊबाईंना घेऊन बैठकीला आले. आता पंचाईत अशी, की टीम त्यांच्या तोंडात. पोस्टमास्तरांनी बटणं मांडून बघितली, पण त्यांना बटणांमधला डावा बॅक ओळखूच येईना; म्हणाले, बटणाला स्वभाव नसतो. मग दादांनी खालची कवळी काढून टेबलावर ठेवली. तर त्यांचं बोलणं कुणाला कळेना. शेवटी चष्मेवाल्याने तोडगा काढला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचं मत त्याचं स्वतःचं होतं.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी दादा खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसतात. कवळी घालतात आणि आ करतात. हे हातात लांब दांड्याचा छोटा आरसा घेऊन आत दाखवतात, "हा बघा डावा बॅक. हा पुढे सरकला की मधे पाच होतात." चष्मेवाला बॅटरी धरतो. पोस्टमास्तर वाकून गोलकीपर शोधतात. आ केलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, त्यामुळे ह्यांचं वाक्य जन्मात पहिल्यांदा पूर्ण होतं.

"लग्नाला चाळीस वर्षं झाली," जाऊबाई दारातून बघत मला म्हणाल्या. "या माणसाने कुणाचं एक वाक्य पूर्ण ऐकून घेतलं नाही गं."

हे बोलून दमतात आणि आरसा खाली ठेवतात. दादा तोंड मिटतात, दुखरा जबडा दोन्ही हातांनी चोळतात.

"चारच," म्हणतात, आणि पुन्हा आ करतात.