राउटरची बेरीज नऊ

आता हे कुठल्या तोंडानं सांगू, तेच कळंना. पण चहा सांगितलाय, तो येईस्तोवर, तुमची एसटी लागेस्तोवर वेळ आहे, आणि तुम्ही मंडळी ऐकून घेणारी दिसता. तेव्हा ऐका. मधे हसू आलं तर खुशाल हसा, मी काही तुमचं तोंड धरणार नाही.

मी परंड्याच्या हायस्कुलात गणिताचा मास्तर होतो. आता रिटायर. उभा जन्म पोरांना सांगितलं, की बाबांनो, आकड्याला शुभ-अशुभ काही नसतं, आकडा म्हणजे नुसता आकडा. आणि घरी काय? माझ्या स्कूटीच्या नंबरची बेरीज नऊ. मोबाईलची नऊ. घर बांधायला जागा बघताना दोन चांगल्या जागा सोडल्या, कारण प्लॉटच्या नंबरची बेरीज जुळंना. वर्गात एक आणि घरात एक, असा आमचा कारभार. तुमच्यातही असले एकदोन असतील, खाली नका बघू.

आम्हाला एकुलती एक पोरगी, प्राजक्ता. चार वर्षं पुण्यात कंपनीत होती. तिथं ती कंटाळली होती आणि इथं आम्ही दोघं नवरा-बायको टीव्हीच्या तोंडाकडं बघून कंटाळलो होतो. खरं सांगतो, मला ती घरी हवी होती. बाकी काही नको होतं.

शेवटी तिनं साहेबाला कसंबसं पटवलं, की मी परंड्याहून काम करते. साहेब म्हणाला, एक आठवडा बघू. जमलं तर कायमचं घरूनच कर. अट एकच. तुमच्याआमच्या घरच्या इंटरनेटला लाईन देणारा एक नंबर देतो आणि तो अधूनमधून बदलत असतो. प्राजूच्या कंपनीला तो न बदलणारा पाहिजे होता. त्या एका नंबरावरून आली तरच कंपनीचं दार उघडणार, दुसऱ्या कुठल्या नंबरावरून आली तर बाहेरच उभी. त्याला स्टॅटिक आयपी म्हणतात. हे सगळं तिनं मला दोनदा समजावलं होतं आणि मला समजलंही होतं. कळलं नव्हतं म्हणायची सोय मला नाही.

आमच्याकडं लाईन शकीलची. हा शकील माझाच विद्यार्थी. नववीला गणितात मीच त्याला नापास केलेला. आता निम्म्या परंड्याला इंटरनेट देतो. शनिवारी तो आला, राउटरचं पान लॅपटॉपवर उघडलं, चार-पाच चौकोनात आकडे भरले आणि घाम पुसत म्हणाला, "झालं सर. हा नंबर आता तुमचा कायमचा. फक्त ह्या पानात हात घालू नका."

"मी कशाला हात घालतोय," मी म्हटलं.

पण मास्तरची नजर. त्यानं पासवर्ड टाकताना मी मागं उभा राहून तो पाठ केला होता. पेपर तपासायची सवय, दुसरं काय.

रविवारी मायलेकी सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला गेल्या. उद्यापासून घरून काम सुरू, म्हणून नारळ फोडायला. मी घरात एकटा. शकीलनं नंबर लिहून दिलेला कागद टेबलावर होता. बसल्या बसल्या बेरीज केली. आली आठ.

आठ म्हणजे शनी. पोरीच्या कामाची सुरुवात आणि आकडा शनीचा? पुन्हा केली. पुन्हा आठच. एका आकड्यानं नऊ हुकत होता हो. नंबराच्या शेवटी शेहेचाळीस होते, सत्तेचाळीस असते तर बेरीज बरोबर नऊ आली असती. गाडीला आपण आवडीचा नंबर मागून घेतो की नाही? मग इथं एक पुढं सरकलो तर कुणाचं काय बिघडणार होतं? प्राजू कंपनीला नंबर सोमवारी सकाळी कळवणार, तेव्हा तिला नवीन सांगू, असा हिशेब मी मनाशी केला.

उघडलं पान. शेहेचाळीस खोडले, सत्तेचाळीस टाकले. राउटरचे दिवे विझले, पुन्हा लागले, आणि नेट सुरू. मला तर वाटलं, कालच्यापेक्षा जोरात चालतंय. मी स्वतःवर इतका खूष झालो, की उठून स्वतःच चहा करून प्यालो.

सोमवारी सकाळी प्राजू आंघोळ करून, वेणी घालून, लॅपटॉप उघडून बसली. मी सहज म्हटलं, "कंपनीला नंबर कळवायचाय ना आज?"

"तो शनिवारीच कळवला अप्पा. त्यांनी घालूनसुद्धा ठेवलाय."

बघा, इथं सांगायला पाहिजे होतं. नऊ वाजायला दहा मिनिटं होती. पण मी म्हटलं, एका आकड्याचा फरक, कोण एवढं बघतंय? हे कोण म्हणतंय, तर अर्ध्या मार्कासाठी पोरं रडवलेला गणिताचा मास्तर.

नऊ वाजले. कंपनीचं दार उघडंना. तिनं फोन लावला. तिकडून सांगितलं, की तुम्ही दिलेला नंबर वेगळा आणि तुम्ही येताय तो वेगळा. ती माझ्याकडं वळली.

"अप्पा, राउटरला हात लावलाय का तुम्ही?"

"मी? न्हाय बाबा."

"नक्की?"

"मला काय कळतंय त्यातलं."

तोंडातून निघून गेलं. आणि एकदा निघालं की मास्तरला माघारी घेता येतंय का? उलट मी जोर लावला. म्हटलं, "त्या शकीलनंच काहीतरी गोंधळ घातलाय. नववीतही असाच होता."

"राउटरचा पासवर्ड आहे का? मीच बघते उघडून."

"तो शकीलकडंच असतो," मी म्हटलं. पासवर्ड मला पाठ होता.

दहा वाजता वेगळंच सुरू झालं. आतापर्यंत निदान इंटरनेट चालत तरी होतं. आता ते ये-जा करायला लागलं, मिनिटभर चालू, दोन मिनिटं बंद. म्हटलं, हिला पाच मिनिटं खोलीबाहेर काढावं, गुपचूप शेहेचाळीस टाकावेत आणि मोकळं व्हावं. पण ती उठंना. मी म्हटलं, चहा घे. म्हणाली, नको. म्हटलं, आई बोलावतेय. आतून आई म्हणाली, मी कुठं बोलावलं?

शेवटी रेंज मिळंना म्हणून ती मोबाईल घेऊन गच्चीवर गेली. मी झडप घातली. चष्मा देवघरात राहिलेला. पान उघडलं, शेहेचाळीस टाकले, ठीक आहे म्हणून बटण दाबलं. पण ते पडले भलत्याच चौकोनात. गेटवे म्हणून एक घर असतं, म्हणजे आपल्या लाईनीनं बाहेर पडायचा रस्ता. तो रस्ताच मी पुसून टाकला आणि सत्तेचाळीस होते तिथंच राहिले. आता नेट ठार बंद. जिन्यावर पावलं वाजली तसा मी लॅपटॉप मिटून पेपर वाचायला बसलो.

"अप्पा, आता तर काहीच चालंना. खरंच हात लावला नाही ना?"

"किती वेळा सांगू? थांब, त्या शकीलला धरूनच आणतो."

राग आला की माणसाला आपण खरे आहोत असं वाटायला लागतं. मला तसं वाटायला लागलं होतं.

शकील सापडला बालाजीच्या ऑनलाइन सेंटरवर. तिथं ही गर्दी. पीक विम्याचे फॉर्म भरायला आलेले लोक, हातात सातबाऱ्याचे कागद, कुणी सोनारीहून आलेलं, कुणी आणखी लांबून. आणि रविवारच्या सुट्टीनंतर सेंटर सकाळी दहाला उघडलं, तेव्हापासून नेट बंद. शकील खांबावर चढलेला, खाली बालाजी ओरडतोय, म्हाताऱ्या बाया पायरीवर बसलेल्या. हे बघितल्यावर मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू. म्हणजे लाईनच गेलीय. म्हणजे मी निर्दोष.

मी गर्दीत शिरलो आणि खालूनच सुरू केलं. "काय रं शकील, गावाचा खेळखंडोबा लावलाय का? माझ्या पोरीची नोकरी जायची वेळ आलीय."

तो वरून म्हणाला, "सर, लाईन तर ठीक दिसतेय. सेंटरचा नंबर कुणीतरी दुसरं वापरतंय असं वाटतंय. तुमच्या घरी येऊन एकदा बघू का?"

माझ्या घरी? नको रे बाबा.

"माझ्या घरी काय बघतोस? आधी हितलं बघ. नववीत मी उगीच नापास केलं नव्हतं तुला. तवाच कळलं होतं, ह्याच्या हातनं काय व्हायचं न्हाय."

लोक हसले. दोनचार जणांनी माना डोलावल्या. मास्तर बोलतोय म्हटल्यावर खरंच असणार. शकील भर उन्हात पुढच्या खांबाकडं शिडी घेऊन गेला. असे त्यानं दुपारभरात किती खांब तपासले, मी मोजले नाहीत.

घरी आलो तर प्राजू लॅपटॉप मिटून बसलेली. तिच्या मोबाईलवर साहेबाचा निरोप आला होता. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत पत्ता नाही, हे जमायचं नाही, गुरुवारपासून ऑफिसला या. तिनं तो मला वाचून दाखवला आणि अगदी हळू विचारलं, "अप्पा, शेवटचं विचारते. सकाळी नऊच्या आधी काही केलं नव्हतं ना तुम्ही?"

"न्हाय."

सकाळी नऊच्या आधी खरंच काही केलं नव्हतं. केलं होतं ते रविवारी, नाहीतर दहानंतर. एवढा कोरडा हिशेब मला त्या वेळेलाही जमला.

चार वाजता शकील स्वतःहून आला. अंग धुळीनं भरलेलं. प्राजूनं लॅपटॉप पुढं सरकवला, त्यानं पान उघडलं. ती त्याच्या खांद्यावरून बघत होती. मी दारात.

"सत्तेचाळीस तर बालाजीच्या सेंटरचा नंबर आहे," तो म्हणाला. "मी हितं शेहेचाळीस टाकला होता. आणि ह्या गेटवेच्या घरात..." तो थांबला. मागं वळून माझ्याकडं बघितलं. त्याला समजलं. प्राजूला त्याच्याआधी समजलं होतं.

दोन मिनिटांत त्यानं सगळं पहिल्यासारखं केलं. कंपनीचं दार उघडलं, सेंटरचं नेट आलं. दोनच मिनिटं लागली, आणि ती सकाळी नऊलाही दोनच लागली असती.

बाहेर बालाजी आणि फॉर्मवाली मंडळी जमली होती. काय झालं होतं रं, म्हणून विचारायला. शकील माझ्या शेजारून बाहेर गेला आणि म्हणाला, "माझ्याकडनंच एक नंबर दोघांना दिला गेला. चुकी माझीच आहे." बालाजीनं त्याला दोन शिव्या हासडल्या. मी दारातच उभा होतो. बोलायला काय लागतं? नुसतं तोंड उघडायचं. मी आत जाऊन पंखा लावला.

बुधवारी प्राजूला ह्याच स्टँडवर सोडायला आलो. कुर्डुवाडीची गाडी लागली होती, तिथनं पुढं पुण्याची रेल्वे. बॅग वर ठेवली, खिडकीशी बसली आणि म्हणाली, "अप्पा, नंबर बदलला त्याचं मला काही वाटत नाही. माझ्यासाठीच केलंत. पण मी तीनदा विचारलं." मी म्हटलं, पोचल्यावर फोन कर. पोचल्यावर तिनं आईला फोन केला.

गल्लीत अजून लोक विचारतात, पोरगी घरून काम करणार होती ना, गेली कशी? मी सांगतो, शकीलच्या लाईनीचा घोळ. परवा त्याच्यासमोरच सांगितलं. तो म्हणाला, "नमस्कार सर," आणि पुढं गेला.

काय म्हणालात? निदान आज तरी खरं बोललो? व्हय, बोललो. तुमची गाडी लागतेय बघा, चहा संपवा. तुम्ही बाहेरगावचे, म्हणून बोललो. परंड्याचे असता, तर तुम्हालाही शकीलचंच नाव सांगितलं असतं.