राजकन्येची माती

मी माझ्या बायकोच्या राजकन्येवर बसलो.

बसलो म्हणजे टेकलो वगैरे नव्हे. ऑफिसातून दमून आलेला, पन्नाशीकडे झुकलेला, दुपारी डबा भरपेट खाल्लेला माणूस जसा बसतो तसा बसलो. खालून 'कर्रर्र' असा आवाज आला. मला वाटलं, खुर्ची जुनी झाली. (आजही वाटतं, ती खुर्चीच असती तर!)

आधी राजकन्येबद्दल सांगायला हवं. परीकथेतली ती शंभर वर्षं झोपून राहिलेली राजकन्या असते ना, तिच्यावर वंदनाचा शाळेपासून जीव. इतर बायका साड्या जमवतात, भांडी जमवतात. आमच्याकडे झोपलेली राजकन्या जमते. राजकन्येचं चित्र असलेले कंपासपेटीपासून बिस्किटांपर्यंतचे डबे, उशीचे अभ्रे, टिकल्यांची पाकिटं, एक बंद पडलेलं घड्याळ. ते दुरुस्त करायचं नाही, कारण झोपलेल्या राजवाड्यात घड्याळ बंदच असतं! शिवाय तिच्यासारख्याच वेड्या मंडळींनी स्वतः बनवून पाठवलेल्या राजकन्या वेगळ्या. अमरावतीची क्रोशाची, वर्ध्याची टिकल्यांची, आणि दिग्रसच्या एका शिक्षिकेने पाठवलेली, आरशाकामाचा बंजारा घागरा घालून झोपलेली.

या सगळ्यांत मुकुटमणी होती ती वंदनाने अख्खा पावसाळा खपून केलेली. कागदाच्या लगद्याची राजकन्या, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा पलंग आणि माहेरच्या मुकुटबनच्या शेतातल्या कापसाची गादी. महिला मंडळाच्या छंद प्रदर्शनात वंदनाला पहिल्यांदाच टेबल मिळालं होतं आणि मधोमध ही राजकन्या मांडायची होती. रंग वाळायला म्हणून तिने ती खुर्चीवर ठेवली. आणि मी आलो.

वंदना ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "उठा."

मी उठलो. राजकन्या माझ्या पँटला चिकटून थोडी वर आली आणि मग पडली.

"मी दुसरी करून देतो," मी म्हणालो.

"तुम्ही?" वंदना म्हणाली. "तुमच्यानं पोळी लाटली त नकाशा होते."

एवढं बोलून तिने तुकडे पदरात गोळा केले आणि आत गेली. नंतरचे दिवस ती माझ्याशी अतिशय नीट वागली. यासारखी भयंकर शिक्षा नाही! भाजीत मीठ बरोबर, शर्टाला इस्त्री, आणि बोलणं फक्त "जेवा" आणि "निजा". जेवत होतो, पण निजणार कसा? डोळा लागला की कानात 'कर्रर्र' व्हायचं. अंथरुणात मी या कुशीवरून त्या कुशीवर वळायचो आणि ऑफिसात टाचण्यांच्या जागी स्टेपलर आणि स्टेपलरच्या जागी चहाची बशी ठेवायचो.

शेवटी मी गावाकडेच्या लोहारा भागात गजूभाऊ मूर्तिकाराच्या शेडवर गेलो. आमच्या यवतमाळात दुर्गोत्सवाला गल्लोगल्ली देवी बसते. अशा गावात मूर्तिकाराला काय अशक्य? प्रदर्शनात मधोमध ठेवायला माणसाएवढी, मातीची, झोपलेली राजकन्या! मनात म्हटलं, बघच वंदना. आता हिच्यावर कोणी बसून दाखवावं.

गजूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डोये मिटलेले?"

"हो. झोपलीय ना ती."

"नाई जमत साहेब. तीस वर्सांत मी मिटलेला डोया केला नाही. म्या देवी करतो. देवी झोपली त मंडळवाले मले झोपू देतीन का?"

"भाऊ, माझ्या संसाराचा प्रश्न आहे."

"काय केलं तुमी?"

"बसलो."

गजूभाऊंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ते स्वतःही लग्न झालेले होते. "करू काहीतरी," ते म्हणाले.

मग रोज ऑफिस सुटलं की मी शेडवर. घरी वंदनाच्या नीट वागण्यापेक्षा ते बरं होतं. शेडमध्ये गवताच्या पेंढ्यांचा ढीग, ओल्या मातीचा गारवा आणि गजूभाऊंचा एकसुरी रेडिओ. रात्रभर न येणारी झोप तिथे मला गाठायची. पेंढ्यावर टेकलो की संपलंच! जाग यायची तेव्हा गजूभाऊ माझ्या अगदी जवळ वाकून, एक डोळा बारीक करून बघत असायचे.

"काय झालं?"

"काही नाई साहेब. निजा तुमी. लय कामाची झोप हाय तुमची."

किती भला माणूस, असं मला वाटायचं.

या काळात मी त्यांचा एक शब्द उचलला. रंग लागेपर्यंत गजूभाऊ मूर्तीला मूर्ती म्हणत नसत, माती म्हणत. "सिव्हिल लाइनची माती वाळली", "दारव्ह्याची माती उद्या जाते". ऐकून ऐकून माझ्याही तोंडात तेच बसलं. इतकं, की आपल्याकडे या शब्दाचा दुसरा काहीतरी अर्थ आहे, माणूस गेला की लोक ज्या 'मातीले' जातात ती माती, हे माझ्या डोक्यातून साफ पुसलं गेलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मूर्ती घरी आणायची ठरली. रंगाला वेळ नव्हता. गजूभाऊंनी नुसता पांढरा हात मारला होता. रंग वंदना देईल, तेवढंच तिला बरं वाटेल. अडचण एकच. आमची गल्ली पाइपलाइनसाठी खणलेली. टेम्पो कोपऱ्यापर्यंतच येणार, पुढे उचलूनच न्यावं लागणार. म्हणून त्याच्या आदल्या संध्याकाळी मी चुलतभावांच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर (यात वंदना नाही) घाईघाईने लिहिलं:

"उद्या सकाळी दहाला आमच्या घरी माती आहे. खांदा द्यायला चौघं तरी या. वंदनाला एवढ्यात कळू देऊ नका."

ग्रुपवर भराभर जोडलेले हात उमटले. मला वाटलं, येतो म्हणतायत. एकाने लिहिलं, "विश्वासच बसत नाही." मी बायकोसाठी काही करतोय यावर माझाही बसत नव्हता. सुधाकरदादाने लिहिलं, "देव बळ देवो." ओली माती जड असते खरी. मी त्यालाही हात जोडून पाठवले आणि गजूभाऊंचा फोन वंदनासमोर वाजू नये म्हणून आवाज बंद करून मोबाईल ठेवून दिला.

इकडे मी निश्चिंत, आणि तिकडे काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्याने समजलं. वंदनाला कळू द्यायचं नाही म्हणजे गेलं कोण? तिचे वडील! आमचे मामाजी मुकुटबनला असतात. सुधाकरदादाने खात्री करायला त्यांच्या घरी फोन लावला. फोन मामाजींनीच उचलला.

"कोन?"

दादाची बोबडी वळली. "मामाजी... तुमी बोलून राह्यले?"

"मंग कोन बोलन?"

"बरं बरं. ठेवतो." आणि ठेवला!

त्यानंतर दुसऱ्या चुलतभावाचा फोन. मग तिसऱ्याचा. प्रत्येकजण मामाजींचा आवाज ऐकायचा, दचकायचा आणि ठेवायचा. मामाजी हुशार माणूस. चौथ्याला त्यांनी धरलाच. "काहून रे, मले सारे जिवंत हाय का म्हनून काहून इचारून राह्यले?" चौथ्याने मेसेज वाचून दाखवला. मामाजींनी हिशोब मांडला: आपण तर आहोत. पोरीपासून लपवायचं आहे. मेसेज जावयाच्या फोनवरून आला, पण अशा वेळी गेलेल्याच्याच फोनवरून घरचे कोणीतरी कळवतात. म्हणजे...

चौथ्याने तो हिशोब बाकीच्यांना कळवला आणि पहाटेच्या पहिल्या एसटीत मामाजी बसले.

सकाळी मी "ऑफिसचं काम आहे" म्हणून लवकर निघालो आणि माझ्या पाठोपाठ आमच्या घरी माणसं येऊ लागली. चुलतभाऊ, चुलतवहिन्या, त्यांच्या शेजारणी. पुरुष अंगणात खाली मान घालून उभे. बायका सरळ आत. शेजारच्या मंगलाकाकूंनी तर पिठलं-भाकरीचा डबाच आणला, कारण अशा घरी चूल पेटत नाही. पण वंदनाला कळू द्यायचं नव्हतं! त्यामुळे सगळे आले आणि कोणी काहीच बोलेना.

वंदनाला वाटलं, ही मंडळी प्रदर्शनाच्या आधी राजकन्या बघायला आली. इतक्या वर्षांत कोणी स्वतःहून आलं नव्हतं. ती हरखली. तिने पेट्या उघडल्या.

"हा मी सातवीत असतानाचा कंपास. आणि ही बघा, क्रोशाची."

"माय व माय," मंगलाकाकूंनी डोळ्याला पदर लावला, "किती जपून ठेवलं हो पोरीनं!"

"आणि हे घड्याळ. हे बंदच ठेवायचं."

यावर दोन वहिन्या मोठ्याने रडल्या. वंदनाही गहिवरली. आपल्या संग्रहात एवढी ताकद असेल असं तिलाही वाटलं नव्हतं. मंगलाकाकू तिचा हात घट्ट धरून म्हणाल्या, "खंबीर राह्य, बाई."

"राहीन काकू," वंदना म्हणाली. "मधोमध ठेवायचीच तेवढी गेली."

आत एकदम हंबरडा फुटला.

त्याच वेळी मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून येत होतो. मागे राजकन्या. ओली माती वाकू नये म्हणून ती बांबूंच्या चौकटीवर निजवलेली, सुतळीने बांधलेली आणि धूळ बसू नये म्हणून वरून पांढरी चादर. रस्त्यात ऑटोवाले बाजूला होत होते. एका स्कूटरवाल्याने टोपी काढली. पानठेल्यावरच्या लोकांनी नमस्कार केला. मी प्रत्येकाला हसून नमस्कार केला. (लोक माझ्याकडे असे काय बघत होते हे आता कळतं!)

कोपऱ्यावर टेम्पो थांबला. पाहतो तर चौघं मागितले होते, पन्नास-साठ माणसं जमलेली! मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! मी पलीकडच्या बाजूने उतरून मागच्या चाकाला दगड लावायला वाकलो. तेवढ्यात समोरून ऑटोतून मामाजी उतरले. कोणाला काही कळायच्या आत ते टेम्पोत चढले, चादर बाजूला केली आणि त्यांनी तोंड पाहिलं.

मिटलेले डोळे. जाडसर नाक. किंचित उघडे ओठ. पांढराफटक रंग.

"जावईबापू!" मामाजींनी टाहो फोडला. "असे कसे गेले हो! आन् यांची मिशी कोनं काढली?"

गर्दी टेम्पोकडे लोटली. सुधाकरदादा रडत म्हणाला, "विलास, अरे काल त तू हात जोडले होते रे!" घरातून वंदना धावत आली. मामाजींनी हुंदका देत माझ्या, म्हणजे त्या तोंडाला कवटाळायला हात पुढे केले.

मी चाकामागून ओरडलो, "मामाजी, हळू! नाक ओलं आहे!"

 मग एकाच वेळी दोन वहिन्या खाली बसल्या, एक चुलतभाऊ खणलेल्या खड्ड्यात पडला आणि मंगलाकाकूंनी पिठल्याचा डबा माझ्या अंगावर फेकला. भूत समजून, असं त्या म्हणतात.

मी पिठल्यासकट टेम्पोत चढलो आणि पहिल्यांदाच राजकन्येला उजेडात नीट पाहिलं. लांब केस, मुकुट, फुलांचा गजरा. आणि मधे मी! गजूभाऊंना मिटलेला डोळा कुठून मिळाला ते मला त्या क्षणी उमगलं. मिशी तेवढी त्यांनी सभ्यतेने गाळली होती.

"मी... माती म्हणजे... मूर्तीची माती," मी म्हणालो. "वंदना, तुझ्या टेबलावर मधोमध ठेवायला. मी बसलो होतो ना, म्हणून."

मामाजी टेम्पोच्या फळीवर टेकले. "भैताडा!" ते म्हणाले. जावयाला हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरला आणि लगेच माझा हात घट्ट धरला. तो बराच वेळ सोडला नाही.

 वंदना मूर्तीकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग मूर्तीकडे. तिचे डोळे भरलेले होते आणि ओठ थरथरत होते. मी मनात म्हटलं, संपलं. आता "जेवा" आणि "निजा"सुद्धा बंद.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "झोपेत तुम्ही तोंड उघडं ठेवता, तेही केलं आहे हो यात!" आणि ती हसायला लागली. इतकी, की तिला टेम्पोचा आधार घ्यावा लागला. बऱ्याच दिवसांनी ती माझ्याशी एक पूर्ण वाक्य बोलली होती.

"हसू नका," मामाजी गर्दीवर गरजले. "मातीले आलेला मानूस तसाच वापस जात नाही. खांदे आले त उचला!" आणि पन्नास-साठ माणसांनी मला, म्हणजे राजकन्येला, खांद्यावरून घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात वंदनाच्या टेबलाभोवती रीघ लागली. रात्रभर जागून तिने रंग दिला होता. गालावर गुलाबी, ओठांवर लाल. मला वाटलं होतं, रंग दिल्यावर कोणी ओळखणार नाही. पण आमच्या ऑफिसातले सगळे येऊन "साहेब शोभतात" म्हणून गेले. मी मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिलो. मन हलकं झालेलं, झोप साठलेली, डोळा कधी लागला कळलंच नाही.

एका छोट्या मुलीने वंदनाला विचारलं, "काकू, हिला उठवायला राजपुत्र कधी येणार?"

"राजपुत्र कायले लागते बाई?" वंदना म्हणाली. "आमच्या हिच्या कानाशी फक्त कपबशी वाजवायची. पाह्य."

आणि तिने ती माझ्या कानाशी वाजवली. मी खाडकन डोळे उघडले आणि म्हणालो, "झाला का चहा?"

मुलीने टाळ्या पिटल्या. "काकू, पुन्हा! पुन्हा उठवा ना!"

मंडळाच्या बायका आजही सांगतात, त्या प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी आमच्या टेबलावर होती. लोक झोपलेल्या राजकन्येला एकदा बघायचे आणि मला तीन-तीनदा झोपवायचे.