बुंध्याला टेकलेला ढीग

पहिल्या भेटीत सूनबाईला वाटलं, होणाऱ्या सासूचं कानातलं हरवलंय. हसू नका, कुणालाही तेच वाटलं असतं. बाई हॉस्पिटलच्या बागेत एका भल्यामोठ्या झाडाशी गुडघे टेकून बसलेल्या, हात कोपरापर्यंत लाकडाच्या ढलप्यांत, नाक जवळजवळ जमिनीला. पोरगी भली. नव्या कपड्यांनिशी शेजारी बसली आणि तीही उकरायला लागली. पाऊण तास! शेवटी विचारलं, "सोन्याचं होतं का हो?"

"काय सोन्याचं? मी साल बघतेय. तुझा हात बरा चालत होता, म्हणून बोलले नाही."

हे सांगताना सूनबाई अजूनही डोळे पुसून पुसून हसते. साल कशाला बघायची, ते मात्र तिला लग्नानंतर वर्षभरानं कळलं, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

सासूसासरे दोघंही त्याच बागेत कामाला. छाटलेल्या फांद्या यंत्रात घालायच्या आणि निघालेल्या ढलप्या झाडांभोवती अंथरायच्या. ओल टिकते, तण दबतं, मुळं भाजत नाहीत. फक्त थर चार बोटांचा हवा आणि बुंध्याला टेकता कामा नये. हे दोघांना झोपेतही ठाऊक.

मग सासऱ्यांची फुप्फुसं गेली. त्याच हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी खाट. समोर हेच झाड. सासूबाई ढलप्यांची हातगाडी तिथंच उलटी करायच्या आणि जिन्याकडे धावायच्या. ढीग वाढत वाढत कमरेला आला.

"अगं, मागे ओढ ते," सासरे खोकत म्हणायचे.

"उद्या ओढते हो."

दोन वर्षं उद्याउद्या करण्यात गेली. सासरे वारल्यावर बाईंनी ढीग उपसला, तर आतली साल भिजून अशी मऊ झालेली की बोट सरळ आत शिरलं. नवऱ्याला आजारानं नेलं. झाड गेलं असतं, तर ते बाईंच्या हातून गेलं असतं. म्हणून गेली सात वर्षं रोज सकाळी साल चाचपायची, कुजका वास येतोय का बघायचं, वाऱ्यानं सरकलेल्या ढलप्या मागे लोटायच्या. पुढे सूनबाईला सांगितलं तेवढंच, बाकी कुणाला एक अक्षर नाही. बाई तोंडाळ, पण असल्या बाबतीत कुलूप.

यंदा बुंध्यावर अळंबी उगवली. झाडांचा तपासनीस आला. सूनबाई तिथंच औषधांच्या खिडकीवर कामाला. ती खिडकी बंद करून येऊन उभी राहिली. त्यानं लाकडी हातोडा ठोकला. रिकाम्या पिंपासारखा आवाज आला.

"टेकू लावून वर्षभर बघता येईल, मावशी."

सूनबाईनं सुटकेचा श्वास सोडला. सासूबाई मात्र झाडाखालच्या बाकाकडे बघत होत्या. तिथं एक पेशंट सुई टोचलेला हात मांडीवर घेऊन उन्हाला बसला होता.

"पडलं तर कुठं पडेल?"

"बाकावरच."

"मग पाडा. आत्ता लिहा. रात्रभरात माझं मन फिरेल."

"आई, वर्ष मिळत होतं ना!" सूनबाई रडवेली झाली.

"ते त्या बाकावरच्याला विचार."

पाडायला तीन दिवस लागले. बाई तिन्ही दिवस उभ्या. रडल्या नाहीत. करवतवाल्याला तेवढं म्हणाल्या, "धार लाव रे, त्याला किती कुरतडशील?" घरी आल्या की जेवण समोर तसंच राहायचं.

चौथ्या दिवशी बागेच्या सुपरवायझरनं त्या झाडाच्या ढलप्या उरलेल्या सहा झाडांना लावल्या. बुंध्याला भिडवून, वर फावड्यानं थापून.

"कसे छान डोंगर झालेत, मावशी!"

"मागे ओढा. बुंध्यापासून वीतभर."

"एवढ्याशा भुशानं काय होतंय?"

"ओला टॉवेल आणते, पायाला गुंडाळते. दोन वर्षं बसा, मग मला सांगा."

सुपरवायझर खाली बसला, ढलप्या मागे ओढल्या, पंजा ताणून मोजलं. "ही घ्या, एक वीत!"

"ही वीत? ही तर चिमणीची."

"माझा हातच एवढा आहे!"

"मग माझ्या हातानं मोजा."

"वीत म्हणजे वीत, कुणाचीही!"

बाईंनी शेजारी पंजा टेकवला. तीस वर्षं कात्री चालवून फाकलेला, चांगला दोन बोटं मोठा. दोघांनीही सूनबाईकडे बघितलं.

"आईंची धरा," ती म्हणाली.

सुपरवायझर पुटपुटत पुन्हा पहिल्या झाडाशी ओणवा झाला.