टटल सरांची आरोळी

सामना चालू असताना कोचने तोंड उघडायचं नाही, असा तेव्हा नियम होता. आजच्या पोरांना सांगितलं की हसतात. हसा लेको! मैदानात कप्तान राजा आणि कोच बाहेर बाकावर मुका. ओरडला, तर पंधरा यार्डांचा दंड, म्हणजे समोरचा संघ तेवढा आपल्या खांबांजवळ.

ऑरिन टटल आमच्या कॉलेजात लॅटिन शिकवायचे, आणि दुसरं कुणी तयार होईना म्हणून फुटबॉलही, म्हणजे आमचा अमेरिकी, चेंडू हातात घेऊन धडका मारायचा. मैदानावर चुन्याच्या रेघा स्वतः मारायचे. फाटलेल्या जर्सी त्यांची बायको शिवून द्यायची. सात वर्षं घासले, पण शेजारच्या ग्रॅफ्टन कॉलेजला काही हरवता येईना. १९०९ साली ट्रस्टींनी बजावलं, "टटल, यंदाही ग्रॅफ्टनकडून हरलात, तर सामान आवरायला घ्या."

त्या साली कप्तान मी होतो. ल्यूथर हॅस्किन्स. अंगात मस्ती आणि डोक्यात हवा!

शेवटची पाचेक मिनिटं उरली होती. पाच-तीन असे आम्ही पुढे होतो. कुणाचा तरी गुडघा माझ्या कानशिलावर बसला. उठलो, आणि थेट ग्रॅफ्टनच्या पोरांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. लोक खदाखदा हसले. सर नाही हसले. त्यांनी माझ्या जागी राखीव गडी पाठवला. एकदा बाहेर गेलं की परत येता येत नसे, म्हणून मी त्याला ढकलून दिलं.

"चल फूट! कप्तान मी आहे की तू?"

पुढच्या डावासाठी रांगेत पुन्हा वाकलो, तर नाकातून रक्त. तेव्हा सर उठले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले, "ल्यूथर, बाहेर ये! मरशील गाढवा!"

पंचाची शिट्टी. पंधरा यार्ड. मला दोघांनी उचलून बाहेर नेलं. ग्रॅफ्टनने पुढच्याच लाथेला चेंडू खांबांमधून घातला, त्याचे तीन गुण. सहा-पाच.

डॉक्टर म्हणाले, आणखी एक टोला बसता तर खलास होता. तीन आठवडे मी अंधाऱ्या खोलीत पडून होतो. मग ट्रस्टींनी बोलावलं. सर समोरच बसले होते, टोपी मांडीवर ठेवून.

"खरं सांग, खेळता येत होतं का तुला?" एका ट्रस्टीने विचारलं.

मला तेव्हा मैदानात माझं नावही आठवत नव्हतं, एवढंच सांगायचं होतं. पण कॉलेजभर माझ्यामुळे हरलो म्हणून बोभाटा झाला असता. मी म्हणालो, "ठणठणीत होतो. सरच घाबरले."

सर उठले. दारात थांबून विचारलं, "डोकं कसंय आता?"

"बरंय."

त्यांना काढलं, आणि पुन्हा कुठल्या कॉलेजने दारात उभं केलं नाही. नेब्रास्कात बियाणं विकता विकता गेले. मला कळलं, पण मी मातीला गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार होतो?

त्यांची जागा पुढे मला मिळाली. चौथ्या वर्षी ग्रॅफ्टनच्याच सामन्यात एमिल ऑस्टबी नावाचा आमचा गडी मार खाऊन भेलकांडत उठला, आणि उलट्या दिशेला चालू लागला. मी ओळखलं. बाकाची कड घट्ट धरून गप्प बसलो. सामना जिंकलो. सोमवारी पहाटे एमिल गेला.

मातीच्या वेळी त्याच्या आईने मला बाजूला घेतलं. "सर, तुम्ही तिथेच होता ना? तुमच्या लक्षात नाही आलं का हो काही?"

"नाही आलं," मी म्हणालो.