वेळेवर पोचणाऱ्यांचा साकव

बुवापाड्यातल्या आमच्या घरापासून फॅक्टरीत जायला दोन वाटा होत्या. एक ट्रकांच्या रस्त्याने, पुलावरून, बरीच लांबची. दुसरी नाल्यावर टाकलेल्या पाण्याच्या जाड पाइपावरून. बाबा दुसरीने जायचे. सायकल खांद्यावर, डबा हँडलला बांधलेला आणि पाय त्या गोल पाइपावर. आठच्या भोंग्याआधी अशी अख्खी रांग एकेक करून नाला ओलांडायची. वीस वर्षांत बाबांना गेटवर एकदाही लेट मार्क पडला नव्हता, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान.

ऐंशीचं दशक संपता संपता मला रस्ते बांधणाऱ्या एका कचेरीत ट्रेसरची नोकरी लागली. नकाशे पातळ कागदावर शाईने उतरवायचे, एवढंच काम. त्याच वर्षी नाल्यावर पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी साकव बांधायचा प्रस्ताव आला. मी घरी सांगितलं तेव्हापासून बाबा रोज संध्याकाळी विचारू लागले, "काय गं, तुमचा साकव कुठवर आला?"

साकव हवा तर त्याचा फायदा रुपयांत दाखवायला हवा, असा नियम होता. त्यासाठी येणारे-जाणारे मोजायला दोन कारकून गेले. कधी? सकाळी साडेदहाला, कारण कचेरी साडेदहाला उघडते. आणि सुटण्याआधी सही करायची म्हणून पाचला परत. तेवढ्या वेळात बाबा आणि त्यांच्यासारखे सगळे आत मशीनवर उभे. कारकुनांना दिसल्या नवऱ्यांचे डबे पोचवणाऱ्या चार बाया. त्या कमावत नाहीत म्हणून त्यांच्या वेळेची किंमत शून्य. शेरा पडला, वर्दळ नगण्य.

मला राहवलं नाही. तीन दिवस सकाळी सातला मी स्वतः नाल्यावर उभी राहिले आणि रेघा मारून वही भरली. ती साहेबांपुढे ठेवली. साहेब वाईट नव्हते, आधी चहा मागवला.

"हे बघा बाई, माणसं आहेत, मान्य," ते म्हणाले. "पण सगळी वेळेवर पोचतात ना? मग फॅक्टरीचा लॉस काय? वाचला तर त्यांच्या झोपेचा वेळ वाचेल. झोपेला पगार नसतो. ट्रक पाच मिनिटं खोळंबला तर डिझेल जळतं, ते दाखवता येतं."

माझं डोकंच फिरलं. माणूस तासभर आधी उठतो, खांद्यावर लोखंड घेऊन पाइपावर तोल सांभाळतो, म्हणून फॅक्टरीचं काही अडत नाही. आणि फॅक्टरीचं अडत नाही म्हणून माणसाला साकव नाही! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते यालाच. पण हे मी मनात म्हटलं. नोकरी कच्ची होती, मी चहा पिऊन उठले. पुढे ट्रकांचा रस्ता रुंद करायचं ठरलं. त्याचा नकाशा माझ्याच टेबलावर आला आणि मी तो मुकाट्याने, सुबक अक्षरात उतरवला. साहेबांवरचा राग कधीच निवला. स्वतःवरचा अजून निवलेला नाही.

साहेबांनी वही परत केली त्या संध्याकाळी बाबा दारात सायकलच्या चेनला तेल घालत होते. त्यांनी नेहमीसारखं विचारलं. मी सगळं सांगितलं, साहेबांची झोपेची गोष्टसुद्धा.

त्यांनी हात पुसले. "म्हणजे आम्ही रोज लेट गेलो असतो, तर झाला असता?"

"हो."

"वीस वर्षं चुकलोच म्हणायचं," ते म्हणाले आणि पुन्हा चेनकडे वळले.

जेवताना बाहेर पाऊस लागला. बाबांनी हात धुतले आणि आईला सांगितलं, "उद्या डबा पंधरा मिनिटं आधी दे. पाइप निसरडा असेल."